द्वंद्वयुद्धाच्या जुन्या प्रिंट्स : रुबाब किती खरा?

प्रश्न : जुन्या इंग्लिश प्रिंट्समध्ये द्वंद्वयुद्ध करणारे सरदार एकदम रुबाबात उभे दिसतात. अब्रूसाठीची ही भांडणं खरंच इतकी शिस्तीत व्हायची का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही बघितलेल्या प्रिंट्स बहुतेक तलवारबाजी शिकवणाऱ्या पुस्तकांतल्या असणार. लंडनमध्ये डोमेनिको अँजेलो नावाचे इटालियन उस्ताद होते, त्यांचं १७६३ चं पुस्तक असंच आहे, आता त्यात पवित्रे शिकवायचे होते, माणूस मरतो कसा हे नाही, त्यामुळे सगळं देखणंच दिसणार.

पण दुकानात सुट्या विकल्या जाणाऱ्या प्रिंट्स बघा, तिथे वेगळाच प्रकार! विल्यम होगार्थ या इंग्लिश चित्रकाराने १७४५ मध्ये एका सरदाराच्या फसलेल्या लग्नावर सहा प्रिंट्सचा सेट काढला, किंमत एक गिनी (तिकडचं जुनं सोन्याचं नाणं). त्यातली पाचवी प्रिंट जरूर बघा. बायको वकिलासोबत सापडली म्हणून नवऱ्याने तलवार काढली आणि स्वतःच भोसकला गेला, तो जागच्या जागी कोसळतोय, बायको गुडघ्यांवर बसून माफी मागतेय आणि वकीलसाहेब नुसत्या नाइटशर्टवर खिडकीतून पळतायत, जमिनीवर मास्क पडलाय आणि दारातून पहारेकरी आत शिरतायत. अब्रू राखायला निघालेल्या माणसाची इतकी वाईट अवस्था दुसऱ्या कुणी दाखवली असेल असं मला वाटत नाही. सहाव्या प्रिंटमध्ये कळतं की वकील फासावर गेला.

दुसरं उदाहरण ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं, म्हणजे १८०३ ला आसईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तोच. २१ मार्च १८२९ ला हा माणूस चक्क पंतप्रधान असताना लंडनच्या बॅटर्सी फील्ड्सवर लॉर्ड विंचिल्सीसमोर पिस्तूल घेऊन उभा राहिला. कॅथलिकांना हक्क देण्यावरून विंचिल्सीने त्याच्यावर जाहीर आरोप केले होते. वेलिंग्टनचा सेकंड, म्हणजे द्वंद्वात सोबत येणारा साथीदार, होता हार्डिंज, जो पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला, त्याचा एक हात लढाईत गेलेला, म्हणून वेलिंग्टनचं पिस्तूल सोबतच्या डॉक्टरांनी भरलं. वेलिंग्टनची गोळी बाजूने गेली, विंचिल्सीने हवेत झाडली आणि लेखी माफी दिली. म्हणजे नियम अगदी काटेकोर पाळले, तरी व्यंगचित्रकारांनी सोडलं नाही. एका प्रिंटमध्ये वेलिंग्टनला मठातल्या साधूचा झगा घातलाय आणि डोकं शेवंडीचं (लॉब्स्टरचं) लावलंय, कारण लाल कोटातल्या सैनिकांना तिकडे शेवंड म्हणूनच चिडवायचे, आणि झगा हा कॅथलिकांची बाजू घेतल्याचा टोमणा.

त्यामुळे प्रिंट बघताना ती कुणासाठी छापली होती हे आधी शोधा, सरदारांच्या लायब्ररीसाठी की रस्त्यावरच्या गिऱ्हाइकासाठी. या दुसऱ्या प्रकारच्या प्रिंट्स मला जास्त प्रामाणिक वाटतात. ब्रिटिश म्युझियमच्या वेबसाइटवर अशा भरपूर बघायला मिळतात. होगार्थची मूळ पेंटिंग्ज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत, ती आणि प्रिंट्स एकमेकांच्या उलट दिसतात कारण तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर उतरताना चित्राची डावी-उजवी बाजू बदलते, तेव्हा कोण कुठल्या हाताने लढतोय हे प्रिंटवरून ठरवायला जाऊ नका.