ॲलर्जीच्या गोळ्या सुरू केल्यापासून मांजर सारखी पाणी पिते आणि खायला मागते. हा दुष्परिणाम आहे का? गोळ्या बंद करू का?

स्वतःच्या मनाने बंद करू नका. आधी पाकिटावर औषधाचं नाव काय आहे ते बघा. ‘ॲलर्जीची गोळी’ म्हणून मांजरांना बरीच वेगवेगळी औषधं देतात आणि प्रत्येकाचे दुष्परिणाम वेगळे.

तुम्ही लिहिलंय की पोटावरचे केस चाटून चाटून गेले होते, गोळ्यांनी खाज झटकन थांबली, पण आता ती पाण्याच्या भांड्यापाशीच बसून असते, शौचाच्या वाळूतले (लिटरमधले) लघवीचे गोळे मोठे झालेत आणि रात्री खाण्यासाठी ओरडून उठवते. हे सगळं प्रेडनिसोलोनला, म्हणजे स्टेरॉइडला, तंतोतंत जुळतं. मी डॉक्टर नाही. खाजेच्या बोक्याला सांभाळता सांभाळता जे डॉक्टरांकडून शिकलो तेच सांगतोय.

स्टेरॉइडवर तहान, लघवी आणि भूक वाढणं हे अपेक्षितच असतं. मात्रा उतरवत नेली की तेही उतरतं. पण गोळी एकदम बंद करायची नाही, कारण बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीर स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे आपलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतं. अचानक पुरवठा तुटला तर मांजर गळून जाते, उलट्या करते, खाणं सोडते. म्हणून आधी रोज, मग कमी मात्रा, मग एक दिवसाआड, असं डॉक्टर टप्प्याटप्प्याने खाली आणतात.

खरी पंचाईत पुढे आहे. स्टेरॉइडमुळे काही मांजरांना मधुमेह होतो, विशेषतः वयस्कर आणि लठ्ठ बोक्यांना. आणि मधुमेहाची सुरुवातही अशीच होते: तहान, लघवी, भूक. मग घरच्या घरी फरक कसा ओळखायचा? वजन करा. नुसत्या स्टेरॉइडवर हावरट झालेली मांजर सहसा जाड होते. भरपूर खाऊनही वजन उतरत असेल, तर शंका घ्यायलाच हवी. मागचे पाय टेकवून, टाचेवर बसल्यासारखी चालायला लागली तर मग वाट बघूच नका. मांजरीला उचलून काट्यावर उभं राहायचं, नंतर एकट्याने, आणि वजाबाकी करायची. काटा मात्र दर वेळी तोच हवा, आणि थोडाफार फरक त्यात कळत नाही, त्यामुळे शंका आली तर दवाखान्यातल्या काट्यावर करून घ्या.

पाणीही मोजा. सकाळी मापाने भरा, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं मोजा. ४ किलोची मांजर दिवसाला ४०० मिलीच्या घरात पाणी पीत असेल तर ते नक्कीच जास्त आहे, आणि कोरडं खाणं हे त्याचं कारण असू शकत नाही. डॉक्टरांना रक्तातली साखर आणि लघवी तपासायला सांगा. दवाखान्यात घाबरलेल्या मांजरीची साखर तशीही वर जाते, त्यामुळे आकडा संशयास्पद आला तर फ्रुक्टोसामाइनची तपासणी करतात, ती मागच्या एक-दोन आठवड्यांची साखरेची सरासरी दाखवते. मधुमेह लवकर पकडला आणि स्टेरॉइड उतरवता आलं, तर बऱ्याच मांजरींचा तो मागेही फिरतो.

अजून एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हृदयाचा छुपा आजार असलेल्या मांजरीला स्टेरॉइड झेपेलच असं नाही, लांब टिकणाऱ्या इंजेक्शननंतर तर काहींच्या फुप्फुसात पाणी झाल्याची उदाहरणं आहेत. गाढ झोपेत असताना छाती वर-खाली होताना मोजा. वर आणि खाली मिळून एक श्वास. मिनिटाला सतत ३० च्या वर जात असेल तर त्याच दिवशी दाखवा. तोंड उघडून श्वास घेत असेल तर तत्क्षणी. आणि त्या इंजेक्शनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: गोळी भरवायची कटकट वाचते म्हणून मोह होतो, पण गोळी उद्या कमी करता येते, टोचलेलं औषध काही आठवडे बाहेर काढता येत नाही.

पाकिटावर सेटिरिझिन किंवा क्लोरफेनिरामाइन (स्टेरॉइड नसलेल्या साध्या ॲलर्जीच्या गोळ्या) लिहिलेलं असेल तर तहान-भुकेचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल. त्यांनी मांजर पेंगते, क्वचित उलट चवताळल्यासारखी घरभर धावते. खाज मात्र अनेकदा जेमतेमच कमी होते. या गोळ्या कडूजहर असतात. आमच्या बोक्याच्या दाताखाली एकदा फुटली, तर हनुवटीवरून फेसाच्या तारा लोंबायला लागल्या, मान झटकली तसे शिंतोडे कपाटावर. बघणाऱ्याला वाटावं फिट आली. तो फक्त कडवटपणा असतो, दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो. रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये गोळी घालून दिली की हा तमाशा टळतो. गोळीनंतर सुईविना सिरिंजने ५-६ मिली पाणी गालाच्या बाजूने हळूहळू द्यायचं, नाहीतर कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. ‘सेटिरिझिन चालतं ना’ म्हणत घरातली सर्दीची गोळी मोडून देऊ नका. त्यात बरेचदा पॅरासिटामॉल असतं, आणि ते पचवणारं रसायन मांजरीच्या यकृतात पुरेसं नसतं. एका गोळीनेही मांजर मरू शकते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडणं, चेहरा आणि पंजे सुजणं, धाप लागणं, यातलं काहीही दिसलं तर पाकीट हातात घ्या आणि पळा. नाक मोकळं करणारं औषध त्यात मिसळलेलं असेल तर तेही घातकच.

पाकिटावर सायक्लोस्पोरिन असेल तर पहिल्या दिवसांत उलट्या, पातळ शी होतात. बहुतेकींच्या नंतर थांबतात. ते प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून कच्चं मांस आणि उंदरांची शिकार बंद, टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची भीती असते. औषध कोणतंही असो, मांजरीने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही तर अंगावर काढू नका. उपाशी मांजरीच्या यकृतात चरबी साठते, त्यातही लठ्ठ असेल तर फार पटकन.

आणि मुळाकडेही बघा. पोटावरचे आणि शेपटीच्या बुडाशी केस जाणं यामागे बरेचदा पिसवांची ॲलर्जी असते. मांजर पिसवा चाटून गिळून टाकते, त्यामुळे आपल्याला एकही दिसत नाही आणि आपण ‘आमच्याकडे नाहीतच’ म्हणून मोकळे होतो. घरातल्या सगळ्या प्राण्यांना डॉक्टरांनी दिलेलं पिसवांचं औषध नियमित सुरू ठेवलं, तर स्टेरॉइडची गरजच कित्येकदा घटते. कुत्र्यासाठीचं पर्मेथ्रिन (एक कीटकनाशक) असलेलं औषध मात्र मांजरीला चुकूनही लावू नका. तिला थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. कुत्र्याला लावलं असेल तर ते वाळेपर्यंत दोघांना एकत्र झोपू देऊ नका.

डॉक्टरांकडे जाताना वजन, पाण्याचं माप आणि झोपेतले श्वास कागदावर लिहून न्या. गोळी स्टेरॉइडची असेल तर दोन प्रश्न नेमके विचारा: ही मात्रा एक दिवसाआड कधी आणायची, आणि तोवर साखर पुन्हा केव्हा तपासायची? गोळीचं नाव इथे कळवलंत तर त्याबद्दल आणखी लिहीन.