सप्ताहाचं बोलावणं आलं तर

अनेक आशीर्वाद.

पीएचडी झाली, तासिका तत्त्वावर शिकवणंही सुरू झालं, आणि आता गावोगावहून व्याख्यानाची बोलावणी येतात. ती घ्यावीत का, असं तू विचारतेस. सहकारी म्हणतात, त्याचे गुण मिळत नाहीत. खरंच मिळत नाहीत. निवड समिती शोधनिबंध मोजते, सप्ताहातलं व्याख्यान नाही. तरी जा.

जुनं मराठी वाङ्मय हा आपला विषय, आणि त्यातला श्रोता कोरा नसतो. ज्ञानेश्वरी 1290 सालची, पण समोर बसलेल्या आजोबांची पारायणं आजही चालू असतात. ओवीतला एक शब्द तू चुकवलास की ते लगेच मान वर करतील. ‘आमच्या पोथीत असं नाही’ म्हणाले, तर वाद घालत बसू नकोस. पोथी बघायला माग. एकनाथांनी 1584मध्ये प्रती ताडून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, आणि भारुडंही त्यांनीच रचली. संशोधन करावं की लोकांत जावं, हा प्रश्न त्यांना पडला असेल असं मला वाटत नाही. तो आपल्या नोकऱ्यांनी निर्माण केलाय.

महानुभाव पंथाच्या वाङ्मयावर मात्र जपून बोल. ते शतकानुशतकं सांकेतिक लिप्यांत राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी त्यांतली सकळ लिपी उलगडली, तेव्हा कुठे बाहेरच्या अभ्यासकांना वाट मिळाली. त्या घरात आपण उशिरा आलेले पाहुणे. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेल्या लीळाचरित्रावरून, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या (लीळांच्या) ग्रंथावरून, पंथात किती तीव्र नाराजी उसळली, ते तू वाचलंच आहेस. म्हणून वादाची लीळा गाळ, असं मी सांगणार नाही. ती कुठल्या पोथ्यांत आहे, कुठल्यांत नाही, हे आधी सांग. तुझं मत त्यानंतर. हा क्रम पाळलास तर न पटणारा माणूसही शेवटपर्यंत बसतो. रीलवर हे जमत नाही, पाठभेद, म्हणजे पोथ्यापोथ्यांतला फरक, तीस सेकंदांत मावत नाही. त्या वाटेला इतक्यात जाऊ नकोस.

संशोधक रा. चिं. ढेरे यांनी विद्यापीठातल्या खुर्चीशिवाय केवढं काम केलं! ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ला 1987चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि सामान्य वाचकांनीही ते पुस्तक उचलून धरलं. पण त्यांचं नाव घेऊन कुणी तुला फुकट राबवू लागलं, तर ऐकून घेऊ नकोस. प्रवासखर्च आधी ठरवायचा, त्यात लाज कसली? रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय, तिथल्या जाहिरातींवरही नजर ठेव.

पुढच्या महिन्यातलं ते मठाचं बोलावणं घेच. तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश सोबत असू दे. पोथ्या दाखवल्या तर फोन बाहेर काढण्याआधी महंतांना विचार, आणि काढलेल्या फोटोंची एक प्रत मठालाही दे.