तो नंबर कोणाचा?

प्रश्न: मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चार विषय राहिलेत, दोन महिने वर्गात गेलेलो नाही. पुढच्या आठवड्यात दाखला काढणार आहे. बाबा ऐकून घेणार नाहीत आणि कॉलेजात आजवर कुणी साधी विचारपूस केली नाही. (प्रवेशाच्या फॉर्मवर बाबांचा म्हणून माझाच दुसरा नंबर दिलाय, त्यामुळे घरी अजून काही कळलेलं नाही.) घरी कसं सांगू?

उत्तर: कंसातलं वाक्य मी तीनदा वाचलं. विचारपूस झाली नाही म्हणतोस? ‘आपल्या पाल्याची हजेरी कमी आहे, संपर्क साधावा’ हा मेसेज तुझ्याच खिशात वाजला असणार. तू तो वाचलास आणि ठेवून दिलास. कॉलेज समजतं, घरी कळवलंय. बाबा समजतात, तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक. आणि मधे तू, स्वतःचाच बाप होऊन स्वतःचीच तक्रार वाचत बसलेला. किती एकट्याने ओढलंस रे हे!

शिक्षण एका दिवसात सुटत नाही. व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकी अभ्यासकाने १९७५ मध्येच मांडलं होतं की ही लांबत जाणारी प्रक्रिया असते; अभ्यासाशी आणि कॉलेजातल्या माणसांशी नातं जुळत नाही, तसा विद्यार्थी सुटत जातो. तुझ्या बाबतीत मला सलतं ते वेगळंच. तो नंबर तू प्रवेश घेतानाच लिहिलास. एकही तास झाला नव्हता, तरी तक्रार येणार याची तुला खात्री होती.

दाखल्याचा अर्ज बाजूला ठेव. उद्या सकाळी मेंटॉरना, म्हणजे कॉलेजने तुला नेमून दिलेल्या मार्गदर्शक शिक्षकांना गाठ, नंबरचं खरं सांग आणि त्यांच्यासमोर बसून बाबांना फोन लाव. स्पीकरवर. घरी एकट्याने सांगितलंस तर सगळं ‘खोटं का बोललास’ इथेच अडेल. राहिलेले विषय पुन्हा कधी देता येतील, शाखा बदलता येईल का, वर्षभर थांबता येईल का, हे तुला ठाऊक नाही नि बाबांनाही नाही. मेंटॉर ते सांगतील, नाहीतर विचारून देतील. बाबा ओरडतील. ओरडू देत. त्यानंतरही सोडावंसं वाटलं तर सोड, मी अडवणार नाही.

आणि ते दुसरं सिम फेकू नकोस. त्यातले मेसेज बाबांना दाखव, तारखांसकट.