क्लच सोडताना गाडी झटके मारते, सिग्नलला बंद पडते. काय करावं?

लायसन्स मिळालं, स्वतःची पेट्रोल गाडी आली, तरी सिग्नलला गाडी बंद पडते नाहीतर दणका देऊन सुटते आणि चढावर मागे येते, असं तुम्ही लिहिलंय. यात तुमचा दोष फार कमी आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतो आणि निम्मं काम तोच उरकतो. त्यामुळे तुमचा डावा पाय खरं तर आत्ता शिकतोय.

आधी आत काय घडतं ते बघा. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेत असतं आणि चाकं स्थिर असतात. क्लच प्लेट या दोघांना जोडते. जोडताना ती थोडा वेळ घसरते, आणि त्या घसरण्यातच दोघांचा वेग जुळतो. हा वेळ दिला नाही तर इंजिन गुदमरून बंद पडतं किंवा गाडी उडी मारते. बहुतेकांना क्लच पकडतो ती जागा सापडते, पण गाडी हलली रे हलली की ते पाय झटकन काढून घेतात. घात तिथेच होतो. गाडी हलल्यावरही पाय तिथेच एक-दोन सेकंद धरा, चाकं नीट फिरू लागली की मग उरलेला क्लच सोडा.

सरावासाठी रविवारी सकाळी एखादं सपाट, रिकामं मैदान गाठा. सीट इतकी पुढे घ्या की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. सैल चप्पल नको. पहिला गिअर टाका, उजवा पाय ब्रेकजवळ तयार ठेवा आणि रेस अजिबात न देता क्लच हळूहळू वर येऊ द्या. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवते, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथेच थांबा. गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकेल. आजच्या गाड्यांत इंजिन बंद पडायला लागलं की इंधन आपोआप थोडं वाढतं, म्हणून सपाटीवर रेसशिवायही हे जमतं. खाली न बघता ती जागा पायाला सापडू लागली की मगच रेसची जोड द्या.

चढावर हँडब्रेक वापरायला लाजू नका. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, थोडी रेस, क्लच पकडीच्या जागेपर्यंत वर. गाडी पुढे जायला जोर लावतेय असं जाणवलं की हँडब्रेक सोडा, ती मागे येणार नाही. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी चढावर तोलून धरायची सवय मात्र मुळीच लावून घेऊ नका. सुट्टीच्या दिवशी बोरघाटात गाड्यांची रांग लागली की जळका वास येतो ना, तो बऱ्याचदा अशाच तापलेल्या क्लच प्लेटचा असतो. तसा वास तुमच्या गाडीला आला तर सुरक्षित जागा बघून बाजूला थांबा आणि निवू द्या.

गिअर वर टाकताना पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना क्लच सावकाश सोडा, चौथ्या-पाचव्याला थोडी घाई चालते. खालचा गिअर टाकताना झटका बसत असेल तर क्लच सोडण्याआधी हलकीशी रेस द्या. खालच्या गिअरला त्याच वेगात इंजिनाला जास्त फिरावं लागतं. ते आधीच फिरवलं की धक्का बसत नाही. एरवी गाडी धावत असताना डावा पाय क्लचवरून पूर्ण काढून बाजूला ठेवा. नुसता टेकवलेला पायही रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारा भाग) झिजवतो.

एवढं करूनही जमत नसेल तर एकदा मेकॅनिकला दाखवा. क्लच अगदी वर आल्यावरच पकडत असेल, किंवा चौथ्या गिअरमध्ये रेस दिल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नसेल, तर प्लेट झिजली असण्याची शक्यता मोठी.