अपघातग्रस्तांचे हक्क आणि आमदार-खासदार: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

रस्ते अपघातातील जखमींना मिळणाऱ्या भरपाईचा कायदा, म्हणजे मोटार वाहन कायदा, २०१९ मध्ये मोठ्या प्रमाणावर बदलला. त्यातल्या बहुतेक भरपाईविषयक तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्या. त्या बदलून घेण्यासाठी लोकप्रतिनिधींकडे कसं जावं, याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : भरपाईचा दावा सहा महिन्यांतच करायचा ही अट काढावी, हिट अँड रनची रक्कम वाढवावी, कॅशलेस उपचारांची मर्यादा वाढवावी, अशा सात मागण्यांचं निवेदन आमच्या संघटनेने खासदारांना दिलं. फोटो निघाले, पुढे काहीच झालं नाही. चूक कुठे झाली? (सांगली)

सात मागण्या एका कागदावर लिहिल्यात, तिथेच. प्रत्येक मागणीचं कुलूप वेगळं आहे आणि किल्लीही वेगळ्या माणसाकडे आहे.

न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या खास न्यायपीठाकडे, दावा करण्याची सहा महिन्यांची मुदत मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) मध्ये आहे. ती हलवायची तर संसदेत दुरुस्ती विधेयकच लागतं. हिट अँड रनसाठीचे मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार हे आकडे कलम १६१ मध्ये आहेत, पण त्याच कलमात ‘किंवा केंद्र सरकार विहित करील अशी अधिक रक्कम’ असे शब्दही आहेत. म्हणजे इथे विधेयकाची गरज नाही, रस्ते वाहतूक मंत्रालयाची अधिसूचना पुरते. कॅशलेस उपचारांची दीड लाख रुपये आणि सात दिवसांची मर्यादा तर कायद्यात नाहीच. ती मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेत आहे. उलट कलम १६४ मधली, चूक कुणाची हे सिद्ध न करता मिळणारी मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाखांची रक्कम थेट कायद्यात गोठवलेली आहे. अशा भरपाईच्या रकमा पूर्वी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात असायच्या; तिथे २०१८ साली दरवर्षी पाच टक्के वाढीची सोय केली होती. नव्या कलमात ती नाही. आमच्या मते या मागणीकडे सगळ्यात कमी लक्ष गेलं आहे.

तेव्हा मागणीगणिक वेगळं निवेदन करा आणि वरच्या ओळीत लिहा: कलम अमुक, बदल कोण करू शकतं, हवे असलेले नेमके शब्द. ‘अन्यायकारक अट रद्द करावी’ हे वाक्य स्वीय सहायक फाईलला लावून मोकळा होतो. ‘१६६(३) ला परंतुक (अपवादाची तरतूद) जोडावं: पुरेशा कारणामुळे उशीर झाल्याची खात्री पटल्यास न्यायाधिकरण मुदतीनंतरही अर्ज दाखल करून घेऊ शकेल’ हे वाक्य मात्र मंत्रालयाच्या विधी शाखेपर्यंत जसंच्या तसं पोचतं. शिवाय ही मागणी आकाशातून पडलेली नाही. १९८८ च्या मूळ कायद्यात सहा महिन्यांची मुदत होती, पण बारा महिन्यांपर्यंतचा उशीर माफ करण्याची सोयही होती. १९९४ मध्ये मुदतच काढून टाकली गेली. २०१९ मध्ये मुदत परत आली, उशीर माफीची सोय काही परत आली नाही. अट पूर्ण काढा म्हणण्यापेक्षा जुनं परंतुक परत द्या म्हणणं सरकारला पचायला सोपं जातं.

प्रश्न : सहा महिने कमी पडतात हे आम्हाला माहीत आहे, पण खासदारांना पटवायचं कसं? (अहिल्यानगर)

एका पानाच्या तक्त्याने. पंचवीस-तीस प्रकरणं घ्या, नावं काढून टाका आणि प्रत्येकासमोर तारखा लिहा: अपघात, एफआयआर, रुग्णालयातून सुट्टी, शेवटची शस्त्रक्रिया, अपंगत्वाचा दाखला, पोलिसांचा सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणात पोचल्याची तारीख, दावा दाखल झाल्याची तारीख. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला कायमच्या अपंगत्वाचा दाखला उपचार संपल्याशिवाय मिळत नाही, आणि रॉड काढेपर्यंत सहा महिने सहज उलटलेले असतात. हे भाषणातून सांगावं लागत नाही, तारखांच्या दोन रकान्यांतलं अंतर ते दाखवतं. ज्यांची प्रकरणं वापराल त्यांची लेखी संमती घ्या.

समोरून विमा कंपन्यांचा मुद्दा येणारच: जुनी, शिळी आणि बनावट प्रकरणं रोखायची तर मुदत हवी. तो हसण्यावारी नेऊ नका, बनावट दावे होतात. उत्तर असं आहे की बनावटगिरी तपासण्याचं साधन मुदत नाही, वेळेत आलेला पोलीस अहवाल आहे. खरा जखमी मात्र मुदतीनेच अडतो.

आणखी एक गोष्ट. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने, सुनावणी सुरू असताना केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश दिला. अंतरिम आदेश म्हणजे कायदा बदलला असं नव्हे. त्याच्या भरवशावर दावा लांबवू नका.

प्रश्न : संसदेच्या समितीकडे थेट जाता येतं का? (पुणे)

येतं, आणि विधेयक समितीकडे असेल तेव्हा तीच सगळ्यात चांगली वेळ असते. २०१६ च्या दुरुस्ती विधेयकात विमा कंपनीच्या जबाबदारीवर मृत्यूसाठी १० लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५ लाख अशी कमाल मर्यादा घातली होती. त्यावरची रक्कम वाहनमालकाकडून वसूल करायची, म्हणजे कित्येकदा कुणाकडूनच नाही. वाहतूकविषयक स्थायी समितीने ही मर्यादा नको म्हटलं, आणि एप्रिल २०१७ मध्ये लोकसभेने मंजूर केलेल्या मसुद्यात ती उरली नाही. (आजच्या कलम १४७(२) मध्ये विमा कंपनीची जबाबदारी ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे आहेच. तेव्हा अशी मर्यादा त्या वाटेने परत येते का, यासाठी राजपत्रावर नजर हवी.)

समिती निवेदनं मागवते तेव्हा मुदत साधारण पंधरा दिवसांची असते, म्हणून मसुदा आधीच तयार ठेवा. कलमवार लिहा, आणि प्रत्यक्ष हजर राहून बोलायचं असेल तर तसं स्पष्ट नमूद करा. समितीला दिलेलं निवेदन तिच्या दप्तराचा भाग होतं, ते गोपनीय असतं. व्हॉट्सॲपवर फिरवलंत तर संसदेच्या विशेषाधिकारभंगाचा मुद्दा उभा राहतो. उत्साही कार्यकर्ते इथेच चुकतात.

लोकसभेच्या याचिका समितीचा रस्ता वेगळा आहे. याचिका मराठीत असेल तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर आणि त्यावरही सही लागते, सभागृहात मांडायची तर खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते. न्यायालयाच्या कक्षेतला विषय तिथे चालत नाही, त्यामुळे १६६(३) ची याचिका आज अडण्याची शक्यता जास्त. कलम १६४ च्या रकमेची वाढ हा विषय तिथे न्यावा.

प्रश्न : कायदा केंद्राचा, मग आमदारांना भेटून उपयोग काय? (नागपूर)

भरपूर. किंबहुना सगळ्यात लवकर फळ देणारी मागणी राज्यातच आहे. केंद्रीय नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताची पहिली खबर ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. कलम १६६(४) म्हणतं की तो अहवाल हाच भरपाईचा अर्ज समजावा. म्हणजे पोलिसांनी ९० दिवस पाळले तर सहा महिन्यांचा धाक बराच कमी होतो. पोलीस गृह विभागाचे, न्यायाधिकरणं नेमण्याचा अधिकार राज्याचा, कॅशलेस योजनेची अंमलबजावणी राज्य रस्ता सुरक्षा परिषदेकडे. हे सगळं तुमच्या आमदारांच्या आवाक्यातलं आहे.

त्यांना तारांकित प्रश्न आयता लिहून द्या: जिल्ह्यात गेल्या वर्षी किती अपघातांचे सविस्तर अहवाल ९० दिवसांत गेले, किती उशिरा, किती गेलेच नाहीत? ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असं उत्तर आलं तरी ते लेखी उत्तर पुढच्या निवेदनाला जोडायला कामी येतं. अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करू नका. प्रश्नांच्या सूचना आधीच द्याव्या लागतात, तेव्हा हिवाळी अधिवेशनासाठी दिवाळीपूर्वी भेटा.

प्रश्न : आम्ही वकील मंडळी हे काम करतो. ‘तुमच्या फीसाठी चाललंय’ असं ऐकावं लागतं. आणि असं लॉबिंग कायदेशीर आहे का? (कोल्हापूर)

पहिल्याच परिच्छेदात लिहून टाका: आम्ही अपघात दावे चालवतो, या विषयात आमचा व्यावसायिक संबंध आहे. समोरच्याने काढलेला मुद्दा टोचतो, आपण आधी सांगितलेला टोचत नाही. बोलायला मात्र जखमीला किंवा त्याच्या घरच्यांना पुढे बसवा.

भारतात लॉबिंगची नोंदणी करायला लावणारा कायदा नाही. निवेदन देणं, भेटणं, मसुदा पुरवणं यात गैर काही नाही. पैसा किंवा भेटवस्तू आली की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लागतो, देणाऱ्यालाही. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतले म्हणून डिसेंबर २००५ मध्ये अकरा खासदारांचं सदस्यत्व गेलं होतं. प्रवासखर्च, हॉलचं भाडं, जेवण यांच्या पावत्या संघटनेच्या नावाने ठेवा.

प्रश्न : खासदार म्हणतात, खासगी विधेयक मांडतो. समाधान मानावं का? (ठाणे)

मांडू द्या, विषय कामकाजात नोंदला जाईल. पण स्वातंत्र्यानंतर अशी, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली, चौदाच विधेयकं मंजूर झाली आहेत, शेवटचं १९७० साली. सोबत लोकसभेच्या नियम ३७७ खाली विषय मांडण्याची आणि लेखी प्रश्न विचारण्याची विनंती करा. त्या दोन्हींना मंत्रालयाकडून लेखी उत्तर येतं.