वरून मीठ घेणं बंद केलंय, तेवढं पुरेसं आहे का?

नाही, तेवढ्याने भागत नाही. खरं तर इथेच थांबायला हवं, पण "मी वरून मीठ घेतच नाही" हे वाक्य सख्ख्या भावाकडून इतक्यांदा ऐकलंय की आता सगळंच सांगते.

काही वर्षांपूर्वी मी मिठाच्या एका सर्व्हेत फील्डवर होते. काम काय, तर लोकांची 24 तासांची लघवी गोळा करायची. हसा, दादाही हसायचा, पाहुणे आले की "आमच्या धाकटीने लघवीत करिअर केलंय" हा त्याचा ठरलेला जोक. अहो पण खाल्लेल्या सोडियमपैकी साधारण 90 टक्के तिथूनच बाहेर पडतं, आणि तोंडी विचारलं तर प्रत्येकजण म्हणतो आम्ही कमीच खातो, मग मोजणार कसं? सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची आणि तिथून दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी कॅनमध्ये. एका काकांनी कॅन भरत नाही म्हणून चक्क नळाचं पाणी ओतलं होतं. लघवीतून रोज साधारण ठरावीक प्रमाणात बाहेर पडणारं क्रिएटिनिन तपासलं की पकडलं जातं हो हे.

तर दादा. वहिनीने स्वयंपाकातलं मीठ निम्म्यावर आणलेलं, हा वरून घेत नाही, त्यामुळे पैज लावून कॅन घेऊन गेला. रिपोर्टमध्ये सोडियम 187 मिलिमोल, म्हणजे जवळपास 11 ग्रॅम मीठ! डब्ल्यूएचओ म्हणते दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. आधी म्हणाला कॅन बदलला असेल, लेबलवरचा नंबर दोनदा ताडून बघितला. मग कागद घेऊन बसवलं, काल दिवसभर काय काय खाल्लं ते लिही म्हटलं. ब्रेड, सॉस, पाकिटातलं सूप, बिस्किटं. गोड बिस्किटांतही मीठ असतं, आणि खायचा सोडा म्हणजे परत सोडियमच.

यावर त्याचं म्हणणं, ज्याने त्याने आपल्या जिभेवर ताबा ठेवावा, सरकारने कशाला मध्ये पडायचं. इथे आमचं कायम वाजतं. कारखान्यातच घातलेलं मीठ तू ताबा ठेवून बाहेर कसं काढणार रे? ब्रिटनने कंपन्यांना पदार्थागणिक टार्गेट दिली, मीठ हळूहळू उतरवलं, चव बदललेली बहुतेकांना कळलीही नाही. 2003 ला माणशी 9.5 ग्रॅम होतं ते 2011 ला 8.1 वर आलं आणि तेवढ्यात लोकांचं सरासरी बीपीही उतरलं (सगळं श्रेय मिठाला देता येत नाही, बाकीही गोष्टी बदलल्या होत्या). दक्षिण आफ्रिकेने तर विनंत्या करत न बसता कायदाच केला, 2016 पासून ब्रेडसकट बऱ्याच पदार्थांना मर्यादा. चिलीत त्याच वर्षी जास्त मीठ असलेल्या पाकिटांवर तसं सांगणारे काळे अष्टकोनी शिक्के आले. ताबा वगैरे ठीक आहे, पण आधी पाकिटावर नीट लिहा तरी.

तुमच्यापुरतं सांगायचं तर लेबलवर सोडियमचा आकडा बघा, त्याला 2.5 ने गुणलं की मीठ. काही आठवडे अळणी लागेल, मग जीभ सरावते. घरच्या स्वयंपाकातच जास्त मीठ पडत असेल तर पोटॅशियमवालं मीठ आहे (थोडं सोडियम कमी करून त्याजागी पोटॅशियम घातलेलं), चीनमध्ये 600 गावांत साधारण पाच वर्षं वापरून बघितलं, त्यात स्ट्रोक 14 टक्क्यांनी कमी झाले, 2021 ला निकाल आला. मात्र किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, पोटॅशियम वाढलं तर जिवावर बेतू शकतं. हे खरं आधी लिहायला हवं होतं.

आणि हो, एका दिवसाच्या लघवीवरून एकट्या माणसाचं नेहमीचं मीठ ठरवता येत नाही, रोज बरंच कमीजास्त होतं, हा आकडा गटाच्या सरासरीसाठी असतो. दादाला हे अजून सांगितलेलं नाही.