देवाची भूक ‘जोपासायची’ की ‘ठेवायची’?

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मंडळीत तरुणांच्या सभेसाठी इंग्रजी संदेशाचं मराठी त्या करतात. परवा त्यांनी लिहिलं, ‘देवासाठी सतत आत्मिक भूक जोपासा.’ पाळकसाहेबांना ते चाललं, सासूबाईंना नाही. त्या म्हणाल्या, “भूक म्हणजे काय कुंडीतलं झाड आहे जोपासायला?” ताई विचारतात, चुकलं कुठे? आणि ‘देवाची भूक’ हा प्रयोगच इंग्रजीतून आलाय का?

सासूबाईंचा कान पक्का आहे. पण आधी दुसरी शंका. नाही, इंग्रजीतून आलेला नाही. तुकोबांचा ‘भेटीलागीं जीवा’ आठवा. चकोर, दिवाळीची वाट पाहणारी सासुरवाशीण, आईसाठी रडणारं भुकेलं बाळ, आणि शेवटी ‘तुका म्हणे मज लागलीसे भूक’. ती भूक श्रीमुखाची आहे. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले कवी ना. वा. टिळक तर तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. तेव्हा ही भूक मराठी ख्रिस्ती घरात बाहेरून उसनी आणावी लागत नाही.

आता त्याच चरणातलं क्रियापद बघा. ‘लागलीसे’. मराठीत भूक लागते, तहान लागते, झोप लागते, ओढ लागते, वेड लागतं. या सगळ्यांत ‘मी’ काही करत नाही, ‘मला’ होतं. म्हणून ‘भूक जोपासा’ ऐकलं की अडखळायला होतं. जोपासायची बाग किंवा छंद. प्रयत्नावरच भर द्यायचा असेल तर ‘ध्यास’ बरा, कारण ध्यास लागतोही आणि घेताही येतो. पण मग जेवणाची प्रतिमा हातची जाते, आणि या संदेशात तीच तर हवी आहे.

भुकेचं आपल्याला करता येण्याजोगं फारसं काही नसतं, पण एक गोष्ट हमखास करता येते. ती मारता येते. कॉलेजात असताना मी संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेर वडापाव खाऊन ऐरोलीला घरी जायचो. आई पान वाढायची. दुसऱ्या पोळीला मी हात आखडता घेतला की ती माझ्या बाहीवरच्या लाल चटणीकडे बघून एवढंच म्हणायची, “मेली ना भूक?” जेवणाने भूक भागते, अरबटचरबट खाण्याने मरते. भागणं आणि मरणं हा फरक मराठीने फार नेमका ठेवलाय. भागलेली भूक दुसऱ्या दिवशी वेळेवर परत लागते.

इथेच ताईंची तिसरी अडचणही सुटते असं मला वाटतं. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात ‘नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले’ धन्य म्हटलेत, कारण ते तृप्त होतील. तृप्त झाल्यावर सतत भूक कशी राहील, असं त्यांनी विचारलंय. व्युत्पत्ती बघा. भूक आली ‘बुभुक्षा’वरून, म्हणजे खाण्याची इच्छा. जिज्ञासा, पिपासा, मुमुक्षा ही सगळी त्याच साच्यातली. शब्दाच्या मुळाशी रिकामं पोट नाही, इच्छा आहे. म्हणजे मुमुक्षू (मोक्षाची इच्छा असलेला) आणि भुकेला हे व्याकरणातले सख्खे भाऊ. पोट भरलं तरी गोडी उरते, आणि चांगलं जेवलेल्यालाच ती जास्त कळते.

विभक्तीबद्दलही थोडं. ‘भुकेला’ला मराठीत षष्ठी शोभते: भावाचा भुकेला, मायेचा भुकेला. ‘तो देवासाठी भुकेला आहे’ ऐकलं की मला आधी वाटतं, याने उपास धरलाय. (बायबलातल्या 42 व्या स्तोत्रात जीव देवासाठी तान्हेला होतो, ते मात्र खटकत नाही, जीव नेहमीच कशासाठी तरी तळमळतो.) गंमत म्हणजे मत्तयाच्या मूळ ग्रीकमध्येही भूक-तहानेच्या क्रियापदांना सहसा षष्ठीच लागते, आणि तिथे तिचा अर्थ ‘त्यातलं थोडंसं’ असा होतो. मत्तयाने मात्र द्वितीया, म्हणजे कर्माची विभक्ती वापरली आहे, म्हणून अभ्यासक म्हणतात की ही भूक तुकड्याची नाही, अख्ख्या भाकरीची आहे. आपल्या ‘चा’मध्ये ‘थोडंसं’ हा अर्थ नाही, त्यामुळे मराठी भाषांतराचं काही बिघडत नाही.

आपली म्हण मात्र उलटी आहे: देव भावाचा भुकेला. तिथे भूक त्याला आहे. हे वाक्य संदेशात घालायचं की नाही ते पाळकसाहेबांना विचारा. मी असतो तर घातलं असतं.

वाक्य कसं करावं? जुनी माणसं सांगतात, भूक ठेवून जेवावं, दोन घास कमी खाऊन उठावं. हे ‘ठेवणं’ अस्सल घरगुती आहे आणि ‘सतत’चं कामही तेच करतं. ‘देवाची भूक मरू देऊ नका’, नाहीतर ‘देवाची भूक कायम ठेवा’. मला पहिलं जास्त आवडतं. सासूबाईंना दोन्ही वाचून दाखवा.

राहिले ‘तान्हेले’. संडे स्कूलच्या मुलांनी त्याचा अर्थ ‘तान्ही बाळं’ असा लावला म्हणता. शब्द वेगळे आहेत. तान्हेला आला तृष्णेवरून: तृष्णा, तण्हा, तान्ह, आणि अक्षरांची अदलाबदल होऊन तहान. (हीच तण्हा बौद्धांच्या पालीत दुःखाचं मूळ ठरते, तिथे ती सोडायची असते.) तान्ह्या बाळाशी तिचा संबंध नाही. तरी मुलांना फार रागावू नका. पेत्राच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय काढा, दुसरं वचन. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला दूध हवं असतं तशी इच्छा धरा, असंच तिथे सांगितलंय.